वाटेवरचे वाफे

टिपरचं मागचं चाक वाफ्यात शिरलं तेव्हा दोफी झिऱ्यावर होती. दोन्ही हातांत भरलेल्या झाऱ्या घेऊन ती वर आली, तर कडेचे वाफे भुईला मिळालेले. कांद्याची पात चाकाखाली चेचून काळपट झाली होती आणि तिचा उग्र वास सगळ्या वाडीभर सुटला होता. टिपर थांबला नव्हता. ओल्या वाळूनं शीग लागेस्तोवर भरलेला, फटींतून पाणी गाळत तो डांबरी सडकेकडं निघाला होता. वाळूच्या ढिगावर फावडी मांडीवर घेऊन पोरं बसली होती. त्यांत तिचा मुलगा गामेली होता. त्यानं आईकडं पाहिलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

दोफीनं झाऱ्या खाली ठेवल्या. चाकोरीत वाकून एकेक कांदा उकरून पाहिला. काढणीला थोडेच दिवस उरले होते. चेचलेले कांदे तिनं ओच्यात भरले, मग उरलेल्या वाफ्यांना पाणी घातलं. पाणी घालायचं राहिलं तर चांगले कांदेही जायचे.

गाबोकोपे हे गाव वाळूच्या दांड्यावर बसलेलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे एवढी चिंचोळी जमीन, की समुद्राकडच्या दारात शिंकलं तर खाडीकडचा माणूस ‘बरं हो’ म्हणेल. त्यातच घरं, त्यातच माड, त्यातच बारक्या लाल कांद्यांच्या वाड्या. बाप्ये किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढायचे, बाया वाफे करायच्या. उन्हाळ्यात खाडी आटली की तिच्या तळाचं मीठ गोळा करायचं. साऱ्या जिल्ह्याचं पोट ह्या तीन गोष्टींवर चाललं होतं. आता समुद्रात मासळी उरली नव्हती. आणि समुद्र मात्र दर पावसाळ्यात एकेक घर मागत होता. दोफीच्या सासऱ्याचं जुनं घर जिथं होतं तिथं आता भरतीच्या वेळी होडी तरंगायची.

गाव आणि समुद्र ह्यांच्यामधे वाळूची एक लांब टेकाडी होती. तीच टिपर उचलून नेत होते. जिल्ह्याच्या गावी नवी कचेरी बांधायला काढली होती, तिच्यासाठी.

संध्याकाळी गामेली घरी आला तेव्हा दोफी चुलीपुढं मक्याचं पीठ घोटत होती. आकप्लेचा गोळा घट्ट होत आला होता आणि तिचा दंड लाकडी पळीबरोबर गरगर फिरत होता. तिचा नवरा आग्बेको भिंतीला टेकून तिपाईवर बसला होता. एके काळी तो रापणीचा म्होरक्या. होडी किनाऱ्यावर ओढताना ती त्याच्या अंगावर कलंडली आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तो तिपाईचा धनी झाला होता.

“हात धू,” दोफी म्हणाली.

गामेलीनं हात धुतले. तिनं कालवणाचं भांडं त्याच्यापुढं सारलं. भेंडीच्या कालवणात चेचलेले कांदे तरंगत होते, सालीसकट.

“हे काय?”

“तुझ्या टिपरनं चिरलेत. मला चिरायचं काम उरलं न्हाई.”

आग्बेको हसला. गामेलीनं घास खाली ठेवला.

“गाडी मी चालवतो व्हय? ओफोरी चालवतो. त्याला म्हनलं मी, कडंनं घे. तो म्हनला, कडंला चाक रुततं.”

“आन् तू वर बसून राह्यलास.”

“उडी मारू? टिपरखाली झोपू? आई, परवा बाबाच्या लोकांनी रापण ओढली. दुपारपातुर ओढली. काय आलं? पिशव्या आल्या. प्लास्टिकच्या पिशव्या आन् एक चप्पल. ती बी डाव्या पायाची!”

“वाळू गेली तर समुद्र घरात यील,” आग्बेको म्हणाला.

“तो तसा बी येतुयाच की.” गामेलीनं टोपी उचलली. “तो यायच्या आधी मला जेवायचं हाय, एवढंच.”

तो बाहेर गेला. आकप्लेचा गोळा तसाच राहिला. दोफीनं त्यावर टोपलं झाकलं.

दुसऱ्या दिवशी ती गावच्या मुख्याकडं गेली. मुख्याला सगळे तोग्बी म्हणत, म्हणजे आजोबा. तोग्बींसमोर चपला घालून जायचं नाही आणि तोग्बींशी थेट बोलायचं नाही. बोलायचं ते त्यांच्या शेजारी काठी घेऊन बसलेल्या माणसाशी. तो तोग्बींना सांगतो आणि तोग्बींचं आपल्याला सांगतो. दोफीनं अंगणात चपला काढल्या. ऊन चढलं होतं, सिमेंट तापलं होतं. तिला बसायला कुणी सांगितलं नाही. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी राहिली आणि सगळं बोलली. वाट आमच्या वाडीतून जाते. ती वाट नव्हेच, टिपरनं पाडलेली चाकोरी आहे. माझं पीक गेलं. टेकाडी गेली तर सगळ्यांचंच जाईल.

काठीवाला जराही न थांबता म्हणाला, “तोग्बी म्हणतात, जिल्ह्याचं काम आहे. जिल्ह्याच्या कामात आडवं येऊ नये.”

“तोग्बी तर बोललेच न्हाईत.”

“बोलायची गरज काय? मला ठाऊक आहे ते काय म्हणतात.”

तोग्बींनी मान वळवली. त्यांच्या खुर्चीमागं, भिंतीशी, मुख्याला नजराणा म्हणून देतात त्या जिनच्या हिरव्या बाटल्यांचं नवं खोकं होतं. कुणीतरी त्यावर घाईघाईनं कापड टाकलं होतं, ते एका बाजूनं घसरलं होतं.

“मग तोग्बींना एवढं सांगा,” दोफी म्हणाली, “समुद्र ह्या अंगणात आला की त्याला बी बाटल्या लागतील. त्यातल्या थोड्या ऱ्हावू द्या.”

 तोग्बींपर्यंत हे पोचवावं की नाही हे काठीवाल्याला कळेना. तोग्बींनी तर ते ऐकलंच होतं. दोफीनं चपला हातात घेतल्या आणि तापल्या वाटेनं अनवाणीच घरी आली.

घरी येऊन तिनं चुलीवरची जुडी सोडली. बियाण्याचे कांदे तिथं धुरात टांगलेले असत. मग तिनं कुदळ घेतली.

“आत्ता कुठं?” आग्बेकोनं विचारलं. “काढणी व्हायचीय अजून.”

“नवे वाफे करते.”

“जागा कुठाय?”

“हाय की. टिपरनं सपाट करून दिलीया.”

 आग्बेकोनं काठी चाचपली. “मला बी घेऊन चल. तिपाई तू घे.”

चाकोरीतली जमीन दगडासारखी बसली होती. कुदळ घातली की टण्ण करून परत यायची, मनगटात मुंग्या यायच्या. दोफीनं झिऱ्यावरून पाणी आणून आधी जमीन भिजवली, मग खणली. खाडीकडून गुरांचं शेण पाटीनं वाहून आणलं. खतासाठी कुजवलेली मांदेली खड्ड्यात होती, ती आणून मिसळली. माश्या तिच्या कानाभोवती घोंगावत होत्या. तिची मुलगी सेनाम दिवस गेलेली, माहेरी आली होती. ती पोटावर हात ठेवून आली आणि काही न विचारता वाफ्यांच्या कडा हातानं थापटू लागली.

“तू उठ,” दोफी म्हणाली. “वाकू नगंस.”

“वाकत न्हाई. बसलेय.”

टिपर वाळू आणायला सडकेकडून रिकामा आला तेव्हा वाटेच्या मधोमध एक वाफा पुरा झाला होता, दुसऱ्याला आकार येत होता, आणि दोन्हींच्या पुढं तिपाईवर आग्बेको बसला होता.

ओफोरीनं हॉर्न दिला. माडावरचे कावळे उडाले. आग्बेकोनं कानामागं हात नेला, ऐकू न आल्यासारखा.

“ए म्हाताऱ्या! उठ!”

“उठवत न्हाई, बाबा. डॉक्टरनं सांगितलंय, एकदा बसलो की हलायचं न्हाई.”

टिपरच्या हौद्यात उभी असलेली पोरं फिसकन हसली. गामेली हसला नाही. ओफोरी खाली उतरला. तो दूरच्या शहरातला, आडव्या बांध्याचा, काळा चष्मा लावणारा गडी. ह्या किनाऱ्यावर पगारासाठी आला होता आणि त्याला इथली हवा, इथले डास, इथलं खारं पाणी काहीच आवडत नव्हतं.

“मावशे, हा रस्ता आहे.”

“कुणी केला?”

“आम्ही केला.”

“आन् हे वाफे आम्ही केले,” दोफी म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. ती बियाण्याचा एकेक कांदा अंगठ्यानं मातीत दाबत होती. “जमीन माझ्या सासऱ्याची.”

ओफोरीनं आजूबाजूला पाहिलं. बाई म्हातारी, पोर गरोदर, बाप्या लंगडा. ह्यांच्या अंगाला हात लावायचा तर सारं गाव धावून येईल, हे त्याला कळत होतं. तो टिपरकडं वळला.

“गामेली! खाली उतर. तुझ्या आईनं घाण केलीये, तूच काढ. वाफे मोड. नाही तर उद्यापासून येऊ नको, बाकीच्यांनीही येऊ नये.”

बाकीची पोरं हसायची थांबली. त्यांनी गामेलीकडं पाहिलं. गामेली उतरला. त्याच्या हातात रोजचं फावडं होतं, वाळूनं घासून पांढरं पडलेलं. तो वाफ्यापाशी आला. आईच्या हातापासून हातभर अंतरावर त्यानं फावडं घातलं आणि मातीचं ढेकूळ उचलून बाजूला फेकलं. त्यातून कांदे घरंगळले.

“गामेली!” सेनाम ओरडली.

“वरडू नगंस,” दोफी म्हणाली. “त्याला त्याचं काम करू दे.”

ती उठली, घरंगळलेले कांदे वेचले, आणि त्यानं जिथं खणलं होतं तिथंच बसून माती हातानं सारखी करून ते पुन्हा लावू लागली. गामेली पुढं सरकला. त्यानं पुढचं ढेकूळ उचललं. दोफी त्याच्या मागं सरकली. तो मोडत होता, ती लावत होती.  फावड्याचा खरखर आवाज, आणि मागं तिच्या तळव्यांचा थप् थप्. गामेलीच्या पाठीवरून घाम ओघळत होता. तो वाफ्याच्या टोकाला पोचला, कंबर सरळ करून त्यानं वळून पाहिलं. सबंध वाफा मागं तसाच उभा होता. जरा वाकडातिकडा, पण उभा.

“परत!” ओफोरी ओरडला.

गामेली परत पहिल्या टोकाला गेला. परत खणलं. ह्या खेपेला तो रागानं खणत होता, माती दूर उडवत होता. एक ढेकूळ आईच्या तोंडावर उडालं. दोफीनं पदरानं डोळा पुसला, दुसऱ्या हातानं कांदे चाचपले आणि लावले. तिची बोटं सोलवटली होती. मांदेलीच्या खतानं ती झोंबत असणार, पण तिच्या तोंडावर ते दिसत नव्हतं.

अर्ध्या वाफ्यात गामेली थांबला.

“आई, बास कर ना गं.” त्याचा आवाज चिरकला. “मला कशाला इथं उभं केलंस तू?”

“मी न्हाई केलं. तू टिपरवरनं उतरलास.”

“उद्या खायचं काय?”

“ते उद्या बघू. आत्ता तू खण. मी लावते. कोण आधी दमतंय ते तरी कळू दे.”

गामेलीनं तिच्या हातांकडं पाहिलं.  मग तो फावड्यासकट वाटेच्या कडेला मट्कन बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून धापा टाकू लागला.

ओफोरीनं दुसऱ्या पोराला हाक दिली. तो जागचा हलला नाही. “माझी तासी लागती ती,” तो म्हणाला. तासी म्हणजे आत्या. तिसरा म्हणाला, “माझी बी.” खरं तर तो पलीकडच्या गावचा होता. शेवटी ओफोरीनं स्वतः फावडं उचललं. दोन घाव घातले, तिसऱ्याला फावडं कडक भुईवरून सटकून त्याच्या नडगीवर बसलं. तोवर आवाज ऐकून वाड्यावाड्यांतून बाया जमल्या होत्या. त्या हसल्या, त्या हसण्यानं तो जास्त घायाळ झाला. शिव्या देत तो टिपरमधे चढला आणि मागच्या मागं, चाकं रुतवत काढत, सडकेपर्यंत गेला.

थोड्या वेळानं पोलीस आले. ‘रहदारीला अडथळा’ असं म्हणून त्यांनी दोफीला जीपमधे बसवलं. हात धुवायलाही वेळ दिला नाही.

जिल्ह्याच्या गावच्या चौकीत तिला बाकावर बसवून ठेवलं. शेजारी बसलेला एक माणूस तिच्या हातांचा वास आला तसा उठून लांब जाऊन बसला. बऱ्याच वेळानं एका शिपायानं तिच्यापुढं झाडू आणून धरला.

“रिकामी बसलीयेस. व्हरांडा झाडून काढ.”

“मी झाडायला आले न्हाई.”

“साहेबांनी सांगितलंय.”

“साहेबांनी मला धरून आणलंय. कामाला ठेवलेलं न्हाई.”

शिपाई झाडू तिच्या मांडीवर ठेवून गेला. तिनं तो उचलून बाकाखाली सारला. खिडकीतून नव्या कचेरीच्या भिंती दिसत होत्या, अर्ध्या चढलेल्या. त्यांच्यापुढं वाळूचा ढीग होता आणि ढिगावर तिथलीच दोन शेरडं चढून बसली होती. तिला तहान लागली होती. पाणी मागावं असं वाटलं, पण मागितलं नाही.

दिवस बुडायला आला तेव्हा बाहेर गलका झाला. गाबोकोप्याच्या बाया आल्या होत्या. एका मासळीच्या गाडीत दाटीवाटीनं बसून आल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर खताची पाटी होती. कुजलेली मांदेली. त्या सरळ व्हरांड्यात शिरल्या, पाट्या उतरवल्या, आणि भिंतीला टेकून ओळीनं बसल्या. सेनामही होती.

साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आला. “हे काय आहे?”

“खत हाय, साहेब,” एक म्हातारी म्हणाली. “वाडीला निघालो होतो, म्हनलं वाटेत दोफीला बघून जावं.”

“वाडी त्या बाजूला आहे!”

“व्हय? मग चुकलोच.”

“पाट्या बाहेर ठेवा.”

“बाहेर कुत्री खातात, साहेब. खत महाग हाय.”

वारा समुद्राकडून आत येत होता. तो पाट्यांवरून व्हरांड्यात, व्हरांड्यातून साहेबाच्या खोलीत जात होता. आत टेबलाशी बसलेला कुणीतरी खोकायला लागला. माश्यांना पत्ता लागला होता. बाया आपसात गावाच्या गप्पा मारू लागल्या, रात्र काढायची तयारी असल्यासारख्या.

साहेबानं दोफीला आत बोलावलं. तो तरुण होता, दमलेला होता.

“बाई, तुमचे ते कांदे किती दिवसांत निघतात?”

“दोन म्हैन्यांत.”

“ठीक आहे. काढा. मग वाट मोकळी करायची. समजलं?”

“मग दुसरं पीक घालायची येळ यील, साहेब.”

“आणि त्यानंतर?”

“तिसरं. झिऱ्याला पाणी हाय तवर.”

 साहेबानं रुमाल पुन्हा नाकाला लावला आणि हातानंच जा म्हणून सांगितलं.

बाहेर आल्यावर दोफीला सेनामनं पाण्याची पिशवी दिली. तिनं कोपरा दातानं फोडला आणि एका दमात प्यायली. मग म्हणाली, “माझी पाटी कुठाय?”

“कसली पाटी?”

“सगळ्यांच्या डोक्यावर हाय. मीच मोकळी जाऊ व्हय गावात?”

त्या दिवसानंतर टिपर गाबोकोप्यात आले नाहीत. अडवणाऱ्या वाटेनं कशाला जावं, किनारा लांब आहे, असं कंत्राटदारानं ठरवलं असणार. ते किनाऱ्यानंच पुढं, आग्बादो नावाच्या गावी वाळू काढू लागले. तिथं वाळूही होती आणि न बोलणारा मुख्याही. गाबोकोप्याच्या पोरांना मात्र कामावर घ्यायचं नाही असं ओफोरीनं सांगून टाकलं. गामेली परत रापणीच्या दोराला लागला. तळहातांना घट्टे होते ते फावड्याचे. दोरानं ते फुटले आणि नवे आले. घरी जेवायचा, निजायचा, बापाशी बोलायचा. आईशी मात्र बोलत नव्हता. दोफीनंही त्याला छेडलं नाही. त्याचं ताट वाढलं की ती पाणी घालायला निघून जायची.

पावसाळ्यात समुद्र आला. टेकाडीचा जो भाग नेला होता तिथून आत शिरला आणि एक कुडाची झोपडी आणि माडांची रांग घेऊन गेला. वाड्यांपर्यंत पोचला नाही. त्या वर्षी नाही.

वाटेवरचे कांदे निघाले ते बारके होते. खाली जमीन चाकांनी दाबलेली, त्यांना अंग धरायला जागाच मिळाली नव्हती. दोफीनं त्यांच्या वेगळ्या जुड्या बांधल्या. बाजाराच्या दिवशी पोती जास्त झाली, म्हणून गामेलीला बरोबर यावं लागलं. तो पोती उतरवून तिच्यामागं सावलीत बसला.

राजधानीहून आलेल्या व्यापारणीनं चांगला माल घेतला, मग बारक्या जुड्यांना पायाच्या अंगठ्यानं ढोसलं. “हे पण टाक त्यातच. असल्याला वेगळं कोण घेणार?”

“पाय मागं घ्या,” दोफी म्हणाली. “त्या तुम्हांला न्हाईत.”

त्या आग्बादोच्या बायांसाठी होत्या. बाया दुपारी आल्या, तिघीजणी, बाजारात नवख्यासारख्या दबकत. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांतली थोराड बाई खाली बसली, जुडी हातात घेऊन कांदे दाबून पाहिले.

“तासी, असं ऐकलं की तू बियाणं देतेस. पण आमची वाट फार कडक झालीया. रोज किती गाड्या जातात. रुजतील?”

“हे त्याच्यातच वाढलेत. जमीन आधी भिजवून घ्या, मग खणा.”

“आन् गाड्या आल्या तर?”

दोफी उत्तर देणार एवढ्यात मागून आवाज आला.

“ओफोरी सकाळी पयली खेप उन्हं यायच्या आधी आणतो,” गामेली म्हणाला. तो उठून पुढं आला होता. त्यानं एक जुडी उचलून त्या बाईच्या पाटीत ठेवली, मग दुसरी. “आदल्या दिवशी सांजेलाच लावून ठेवा. तो आधी हॉर्न वाजवंल. लई मोठा हॉर्न हाय त्याचा, पोटात कळ येती. पण तेवढाच हाय.”

बाया त्याच्याकडं पाहू लागल्या. “तुला कसं ठाऊक?”

“मी वरच बसायचो त्याच्या.”

तो बसला नाही. जुड्या संपेपर्यंत उभ्यानं त्यांच्या पाट्या भरत राहिला.  दोफीनं रिकामं पोतं झटकलं, घडी घातली, आणि ती बाई उठताना तिच्या पाटीला एका बाजूनं हात लावला. दुसऱ्या बाजूनं गामेलीनं लावला. दोघांनी मिळून पाटी तिच्या डोक्यावर चढवली.